खंडेनवमीला धुतलेले टॅपेट

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं गॅरेज होतं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या म्हणून या अंकाच्या संपादकांनी लकडा लावला, तेव्हा मला इंजिनं आठवली नाहीत, आठवली ती पुण्याच्या बाजारातली वणवण. लोकांना वाटतं, रशीदमिस्त्रीनं जन्मभर इंजिनं खोलली आणि जोडली. कसलं काय! मी जन्मभर पार्ट शोधत हिंडलो. जोडायचं काम हात झोपेतसुद्धा करतात. पार्ट मिळवायचा, तो बरोबर आहे की नाही बघायचा, आणि दुकानदार आपल्याला उल्लू बनवत नाहीये ना याची खात्री करायची, यातच माणूस म्हातारा होतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं, आपल्यासारखंच. त्यासाठी त्याला झडपा असतात, त्या म्हणजे व्हॉल्व्ह. या झडपा उघडायच्या कुणी? तर इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा फिरत असतो, त्याला अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. तो दांडा म्हणजे कॅम. उंचवटा वर आला की तो एका पोलादी गोट्याला ढकलतो आणि गोटा व्हॉल्व्हला ढकलतो. तो गोटा म्हणजे टॅपेट. एवढंच. पण हे एवढंच दर मिनिटाला हजारदा होतं, म्हणून केसाएवढा फरकसुद्धा चालत नाही.

आणि गिऱ्हाईक काय घेऊन येणार? शिवऱ्याचे एक बागायतदार होते, त्यांच्या जुन्या मोटारीचा एक व्हॉल्व्ह जळला होता. त्यांनी शेजाऱ्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह रुमालात बांधून आणला आणि म्हणाले, मिस्त्री, हा घाला, दिसायला सेम आहे. ‘दिसायला सेम आहे’ या शब्दांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लं. दिसायला सेम असतं हो, पण दांडी जरा जाड असते, डोकं जरा रुंद असतं, नाहीतर लांबी जरा कमी भरते. मग तो लेथवर न्या, डोकं उतरवून घ्या, दांडी घासून घ्या, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची स्प्रिंग शोधा. तरी हेच बागायतदार गावभर सांगणार, माझ्या व्हॉल्व्हनं गाडी चालू झाली.

आता ज्या गाडीबद्दल सांगायचंय ती एक जुनी पेट्रोल जीप. विंझरच्या वर, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथल्या दगडूभाऊंची. हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं असेल. वाडीत एसटी जात नव्हती. रोज सकाळी वाडीतल्या घराघरातलं दूध या जीपमधून खाली विंझरच्या केंद्रावर जायचं आणि येताना पेंड, किराणा, कधी आजारी माणूस, कधी माहेरवाशीण, जे असेल ते वर यायचं. दगडूभाऊ अचानक गेले. गाडी त्यांच्या बायकोच्या, पार्वतीवहिनींच्या नावावर झाली आणि चालवायला धाकटा दीर, नामदेव. नामदेव वाईट माणूस नव्हता. रोज सकाळी थंड इंजिनाला हँडल मारून मारून कावलेला होता, इतकंच. ही भंगारात घालू आणि कुणाची तरी डिझेल गाडी चालवायला घेऊ, असं त्याच्या डोक्यात होतं.

वहिनींचं मात्र वेगळं होतं. गाडी गेली की दूध दिराच्या मर्जीनं खाली जाणार, आणि वाडीत त्यांना विचारणार कोण? गाडी होती म्हणून भावकीच्या बैठकीत त्यांच्या नावानं हाक मारली जात होती. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरताना जीप घाट चढेना. रिकामीसुद्धा चढेना. ओढून भोरला आणली. खोलून बघितलं तर दोन व्हॉल्व्ह कडेनं जळलेले आणि एका स्प्रिंगचे दोन तुकडे. या जुन्या इंजिनाची रचनाच विचित्र. निम्मे व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि निम्मे खाली पोटात. त्यामुळं पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा पोरगेला माणूस आपल्याकडं अशा नजरेनं बघतो की आपण बैलगाडीचा सायलेन्सर मागतोय. भावकीनं ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत गाडी वाडीत उभी राहिली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचं. दूध तोवर माणसांच्या डोक्यावरून विंझरला चाललं होतं आणि उशिरा पोचलं की नासून परत येत होतं. बायका पार्वतीवहिनींच्या तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण किटल्या आपटत होत्या.

मी कॅम काढून टॅपेटही बाहेर घेतले. सगळं झिजलेलं होतं, पण एकमेकांच्या जोडीनं झिजलेलं होतं. इथं एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. टॅपेटचं तोंड आणि कॅमचा उंचवटा वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या अंगाचे होतात. जुन्या चपलेला जसा पाय ओळखू येतो, तसं. पहिला टॅपेट पहिल्या उंचवट्यावर गेला तर अजून काही वर्षं बिनबोभाट चालेल. तोच चौथ्यावर गेला की महिन्याभरात दोघंही एकमेकांना खाऊन टाकतील. नवीन कॅम असती तर प्रश्न नव्हता, पण त्या इंजिनाची नवीन कॅम बाजारातून कधीच गेली होती. टॅपेटची तोंडं ग्राइंडरवर घासून घ्यावीत, तर आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं ते एकदा करून वरचा कडक थर संपवलेला. म्हणून मी ते टॅपेट अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवले, इंजिनाच्या पंख्याच्या बाजूचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा. आमच्याकडं सगळे मिस्त्री असंच ठेवतात. नंबर कुणी घालत नाही. ट्रेला हात कोण लावणार?

खंडेनवमीला गॅरेजात काम नसायचं. आम्ही मुसलमान असलो तरी त्या दिवशी माझ्या पान्यांवर झेंडूचे हार पडायचेच. गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाइकाचा सण, आपण नाही कशाला म्हणायचं? उलट आदल्या दिवशी हमीदा, माझी बायको, फरशी घासून ठेवायची. त्या वर्षी मी म्हटलं, रिकामा दिवस आहे तर पुण्याला जाऊन व्हॉल्व्ह बघून येऊ. जळलेला व्हॉल्व्ह नमुना म्हणून पिशवीत टाकला आणि पहाटेची एसटी धरली.

दुपारपर्यंत जुन्या बाजारात हिंडलो. ऊन होतं. निम्मी दुकानं पूजेसाठी बंद, निम्म्या दुकानांत पेढे वाटणं चाललेलं. नमुना दाखवला की प्रत्येक जण तो उलटासुलटा करून बघायचा आणि पुढच्या दुकानाकडं बोट करायचा. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून डबा काढला आणि त्यात खरोखर माझे व्हॉल्व्ह निघाले, तेलकट कागदात गुंडाळलेले. स्प्रिंगपण मिळाली. मी इतका खूश झालो की स्टँडवर येईपर्यंत जेवलोच नाही हे लक्षात आलं नाही.

भोरला उतरलो ते चार वाजले असतील. गॅरेजात शिरलो तर उदबत्तीचा वास. मधल्या टेबलावर लाल कापड, त्यावर रांगोळीची चौकट, आणि त्या चौकटीत जीपचे सगळे टॅपेट गोल मांडलेले, लखलखीत, एकेकाला हळद-कुंकवाचं बोट, मधोमध झेंडू. कॅमला हार घातलेला.

पार्वतीवहिनी सकाळीच वेल्ह्याच्या एसटीनं नसरापूरला उतरून, तिथून दुसरी गाडी धरून भोरला आल्या होत्या. दगडूभाऊ दर नवमीला जीपची पूजा करायचे. या साली गाडी सुटी झालीय म्हणून काय पूजा चुकवायची? हमीदानं कुलूप काढून दिलं, चहा दिला, रॉकेल दिलं. दोघींनी मिळून टॅपेट राखेनं आणि चिंचेनं घासले. ट्रे तेलानं माखलेला, घाण वाटला, म्हणून हमीदानं तो बंबात घातला. त्यावरच्या गरम पाण्यानं वहिनींनी हातपाय धुतले आणि त्या दुपारच्या गाडीनं घरी गेल्या.

मी खुर्चीवर बसलो. हमीदानं विचारलं, किती छान दिसतंय नाही? मी म्हटलं, हो, छान दिसतंय. मग पाणी प्यायलो आणि तिला सगळं समजावून सांगितलं. ती रडायलाच लागली. तिला गप्प करता करता माझी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंग घेऊन बसलो. टॅपेटच्या तोंडावरच्या खुणा आणि कॅमच्या उंचवट्यावरच्या खुणा जुळतात का बघत होतो. एक-दोन जोड्या जुळल्यासारख्या वाटल्या. बाकी सगळ्या दिसायला सेम. राखेनं घासल्यावर उरलंसुरलं तेही गेलं होतं. ही कॅम आता कामाची नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण मन मानायला तयार नव्हतं.

आठवड्यानं नामदेव आला. व्हॉल्व्ह मिळाले तरी गाडी का होत नाही, म्हणून विचारायला लागला. पण त्याच्या बोलण्यातून मला दुसरंच काहीतरी कळलं. वाडीत कुजबुज चालू होती. नवरा गेलेल्या बाईनं गाडीला हळद-कुंकू लावलं, आता ती गाडी उठायची नाही, असं बायका आडावर बोलत होत्या. नामदेव ते हसत सांगत होता, पण त्याला त्यातलं थोडं पटलेलं होतं आणि थोडं सोयीचं होतं. मी म्हटलं, टॅपेट मिसळलेत, कॅम दुसरी शोधावी लागेल. त्यानं विचारलं, मिसळले कसे?

आता मी काय सांगू? खरं सांगावं तर वाडीला हवा तो पुरावा मी माझ्या हातानं देतोय. पूजा करणाऱ्या हातांनीच गाडी मोडली, आणि मिस्त्रीच म्हणतो बघा! मी म्हटलं, माझ्या हातून मिसळले. धुताना ट्रे पालथा झाला.

नामदेव माझ्याकडं बघतच राहिला. रशीदमिस्त्रीच्या हातून? मग त्यानं ते विंझरला सांगितलं, विंझरनं नसरापूरला. शिवऱ्याच्या त्या बागायतदाराचं एक इंजिन तेव्हा माझ्याकडं दुरुस्तीला होतं, ते त्यानं खोललेलंच पोत्यात भरून परत नेलं. जाताना म्हणाला, वयाचा भाग असतो मिस्त्री. राग आला होता, खोटं कशाला बोलू? मला माझ्या हाताचा गर्व होता. सगळ्या तालुक्यात तेवढीच माझी इस्टेट होती.

कॅमच्या शोधात मी किती हिंडलो ते आता सांगत नाही. पुण्यातला तो म्हातारा दुकानदारसुद्धा हसला. म्हणाला, अहो, ही कॅम भंगारातसुद्धा येत नाही आता. भंगारच संपलं. शेवटी एका टेम्पोवाल्यानं सहज सांगितलं की सारोळ्याला नीरेच्या काठावर एका मळ्यात असलंच इंजिन पंपाला जोडलेलं होतं. वीज आल्यावर ते बंद पडून राहिलंय. मी तसाच सारोळ्याला गेलो.

मळ्याचे मालक एक आबा. इंजिन झोपडीत होतं, वर गोणपाट. झाकण काढून बोट घातलं तर आत तेल! आबा दर पावसाळ्याआधी त्यात तेल ओतून हातानं चार फेरे द्यायचे, चालू नसलं तरी. असं का करता, असं मी विचारलं नाही. काही लोकांना काही गोष्टी तशा सोडून देता येत नाहीत. कॅम बघितली आणि मला खरंच भरून आलं. उंचवटे काचेसारखे, टॅपेट आपापल्या जागी.

आबा कॅम द्यायला तयार झाले, पण त्यांची एक अट होती. दांडा न्या, गोटे न्या, पण इंजिन उघडं टाकून जायचं नाही. सगळं परत जुळवून, नट आवळून, बाहेरून होतं तसं करून ठेवायचं. आबा म्हणाले, ते उघडं पडलेलं मला बघवणार न्हाई. झालं! जे इंजिन पुन्हा कधीच चालणार नव्हतं, त्याची मी गॅस्केट बसवली, नट आवळले, पुसून वर गोणपाट घातलं. कंबर मोडून आली. एसटीत बसल्यावर मला हसूच आलं. एवढ्या निगुतीनं मी चालू गाड्यांचं काम केलं असेल का?

दिवाळी तोंडावर असताना जीप गॅरेजात सुरू झाली. आवाज स्वच्छ होता. पार्वतीवहिनींना निरोप धाडला. त्या सकाळीच आल्या, हमीदाबरोबर आत बसून चहा प्यायल्या, बराच वेळ. मला वाटलं फराळाचं बोलत असतील. मग नामदेव गाडी चालवायला, वहिनी पुढं, मी मागं कान लावून, असे आम्ही वाडीला निघालो. पहिला घाट मिस्त्रीनं गाडीबरोबर चढायचा, ही माझी पद्धत होती. जीप घाट चढली. मी डोळे मिटून नुसता टॅपेटचा आवाज ऐकत होतो.

वाडीत भावकी जमली होती. नामदेवनं नारळ काढला, आपल्या बायकोला हाक मारली आणि वहिनींना हळूच म्हणाला, वैनी, तुमी जरा मागं थांबा. हे सगळ्यांना साधं वाटलं. मलाही क्षणभर साधंच वाटलं.

पार्वतीवहिनी मागं गेल्या नाहीत. त्या माझ्याकडं वळल्या.

“मिस्त्रीभाऊ, हमीदाभाबीनं मला समदं सांगितलंय. तुमच्या हातनं काय बी पालथं झालं न्हवतं. टॅपेट म्या मिसळले.” मग भावकीकडं बघून त्या म्हणाल्या, “विधवा हाय म्हणून न्हाई. मला म्हाईत न्हवतं म्हणून. नामदेवभावजींनी घासले असते तरी मिसळलेच असते. आता म्हाईत झालंय. पुढल्या नवमीला पूजा म्याच करनार. मिस्त्रीभाऊ, तुमी निस्ते नंबर घालून ठिवा.”

नामदेवची बायको दोन पावलं मागं सरली आणि तिनं नारळ जावेच्या हातात दिला. वहिनींनी तो बंपरवर नाही, खाली दगडावर फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि दुधाच्या किटल्या आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दूध पुन्हा गाडीतून जायला लागलं. जीप पुढं बरीच वर्षं त्यांच्याच नावावर चालली.

माझं नाव मात्र परत आलं नाही. मिस्त्रीच्या हातून टॅपेट मिसळले हे नसरापूरपर्यंत गेलं होतं, वाडीतलं ते बोलणं वाडीतच राहिलं. ते बागायतदार पुन्हा कधी आले नाहीत. त्याचं आता काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

त्या दिवशी परत निघताना वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. डब्यात चकल्या दिल्या, हमीदाला द्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “तुमी माझ्यासाठी खोटं बोललात, ते कळलं मला. पर लपवायसारखं त्यात व्हतं काय? का तुमाला बी तसंच वाटलं व्हतं, माझ्या हातामुळं झालं म्हणून?”

मी नाही म्हणालो. पण म्हणायला मला जो वेळ लागला, तो त्यांनी बघितला होता. त्या मान हलवून किटल्या धुवायला परत गेल्या.